सावळदरीची पांढरी माती

१४ फेब्रुवारी २००३, शुक्रवार

पोहोचले एकदाची. वसमतहून सुटलेली एसटी जवळा बाजारला पाऊण तास उशिरा आली. ट्रंक टपावर चढवणं आपलं काम नाही, असं कंडक्टरने मला समजावलं. त्याचं काम नेमकं कोणतं, हे मी त्याला सगळ्या प्रवाशांदेखत विचारलं. ट्रंक चढली.

तरी आज मन प्रसन्न आहे. एकतीस वर्षं सरकारी मत्स्य प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि दुसऱ्या दिवशी बंद पडलेलं घड्याळ मिळालं. आता साठाव्या वर्षी मला कुणीतरी अदबीने बोलावून घेतलं आहे. व्यंकटरावांनी परभणीच्या कृषी प्रदर्शनात माझं भाषण ऐकलं होतं. औंढ्याच्या वाटेवर त्यांची शेती आहे आणि तिथे त्यांना मत्स्यबीज केंद्र काढायचं आहे.

माझं काम हिरव्या पाण्याचं. माशांची नुकती जन्मलेली पिल्लं, ज्यांना इथे जिरं म्हणतात, पाण्यातले बारीक किडे खातात आणि ते किडे हिरव्या पाण्यावर जगतात. हिरवं पाणी म्हणजे डबक्यावरची साय नव्हे. एकेका थेंबात हजारो जिवंत पेशी असलेलं ते सूक्ष्म शैवाल. प्रयोगशाळेत ते महागड्या रसायनांवर वाढवायचे. युरिया आणि सुपर फॉस्फेटवर हेच पाणी उत्तम वाढतं, असं मी वीस वर्षं सांगत राहिले. ही प्रयोगशाळा आहे, खताचं दुकान नव्हे, असं आमचे साहेब मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे. त्यांच्या मिशीला माझा नमस्कार.

हौदांशेजारची खोली मला दिली आहे. टेबल, खुर्ची, पूर्वेची खिडकी. कॉन्व्हेंट सोडताना सिस्टर मोनिकांनी दिलेलं शाईचं पेन अजून चालतं. निळ्या-काळ्या शाईची नवी बाटली आज फोडली. सहा महिने पुरेल.

एकच काळजी. यंदा पाऊस नव्हता. वस्तीवरच्या चाळीस घरांच्या विहिरी आटल्या आहेत आणि सगळ्या बाया व्यंकटरावांच्या दगडी विहिरीवर येतात. तिच्यात तीन परस, म्हणजे तीन माणसांच्या उंचीएवढं, पाणी आहे. हौदांसाठी मोटर दिवसाला एक तास, बाकी पाणी वस्तीचं, असं व्यंकटरावांनी माझ्यासमोर कबूल केलं. मी ते वहीत लिहून त्यांची सही घेतली. पुरुषांच्या शब्दाला शाई लागते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तीन हौद धुऊन भरले. ट्रंकेतून आणलेलं हिरवं विरजण तिन्हींत घातलं. दह्याचंच तत्त्व आहे, थोडं जुनं पाणी नव्यात घालायचं.

मदतीला सिंधूबाई आहे. तिशीची, काटक, बोलायला फटकळ, म्हणजे माझ्या पसंतीची. तिचे सासरे रखमाजी मेंढरं राखतात. उन्हाळ्यात लोक त्यांची मेंढरं खतासाठी शेतात बसवून घेतात आणि त्यावर घर चालतं.

सिंधूबाईला परीक्षा शिकवली. कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा. तळवा दिसेनासा झाला की हिरवं बरोबर जमलं. तिने विचारलं, येवढं शिकून तुमी बी हातच घालता व्हय? मी म्हटलं, साहेब लोक यंत्र घालायचे, आणि उत्तर तेच यायचं. ती हसून हसून हौदाच्या कठड्यावर बसली.

२ मार्च, रविवार

पाणी फिकट ते फिकटच. युरिया भरपूर आहे, पण इथल्या विहिरीच्या पाण्यात चुना फार. सुपर फॉस्फेट घातलं की त्याचा तळाशी चिखल होतो आणि शैवाल उपाशी राहतं. वेगळं, स्वस्त फॉस्फेट शोधायला हवं.

संध्याकाळी रखमाजींच्या मेंढरांमागे चालत गेले. दोन मैलांवर एक उंचवटा आहे, राखेसारख्या मातीचा. पडलेल्या भिंती, जात्याची तळी, खापरं. हे सावळदरी. सरकारी दप्तरात मौजे सावळदरी, बेचिराख. म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. जिथे पीक येतं ती काळी आणि जिथे माणसं राहतात ती पांढरी. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण, हाडं त्या पांढरीत मुरलेली असतात. म्हणजे निव्वळ फॉस्फेट! पूर्वी शेतकरी अशी माती गाड्या भरभरून खत म्हणून नेत. मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली.

मी मूठभर माती पिशवीत घातली तेव्हा रखमाजींचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या बाटलीतलं पेलाभर पाणी जमिनीवर ओतलं, मागे न बघता चालायला लागले आणि मलाही बघू दिलं नाही. इथून जाणारा प्रत्येक मेंढका तेवढंच करतो म्हणे. एक पेला पाणी द्यायचं आणि काही न्यायचं नाही. मेंढरंही इथे बसवत नाहीत.

काहून, असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं. रखमाजी म्हणाले, "हितली माती नगं बाई. जो नेईल त्याला तिची तहान भागवावी लागते."

मी म्हटलं, माती ती माती. तिची तहान भागवायला माझ्याकडे तीन हौद आहेत.

९ मार्च, रविवार

मातीचं परीक्षण झालं. फॉस्फेट अपेक्षेच्या तिप्पट. व्यंकटराव खूश. त्यांचा ट्रॅक्टरवाला अमरसिंग एक ट्रॉली माती घेऊन आला. रखमाजींनी गोणींना हात लावला नाही. सिंधूबाईने लावला. सासऱ्याचं कुठवर ऐकायचं, असं म्हणून तिने माझ्याबरोबर गोण्या भरल्या.

हौद एक आणि दोनमध्ये आठ-आठ गोण्या दोरीने सोडल्या. तिसऱ्यात माती घातली नाही, फक्त युरिया आणि पेंड. तुलनेला एक हौद कोरा ठेवायचा असतो. हेसुद्धा साहेब विसरायचे.

गोणी पाण्यात सोडताना आवाज झाला. सुक्या मातीतून हवा बाहेर पडते, त्याचा. लांब श्वास घेतल्यासारखा.

१४ मार्च, शुक्रवार

पाचच दिवसांत! एक आणि दोन मुगाच्या पानासारखे हिरवेगार झाले आहेत. हात कोपरापर्यंत जायच्या आतच तळवा दिसेनासा होतो. तिन्ही हौदांत किडे सोडले, त्यांवर सायप्रिनस माशाचं जिरं सोडलं. साहेबांना पत्र लिहिलं, चार ओळींचं. 'खताच्या दुकानातून सप्रेम' असा शेवट केला. सिस्टर मोनिका असत्या तर हातावर पट्टी बसली असती. बसली असती तरी चाललं असतं.

२२ मार्च, शनिवार

एक गोष्ट नोंदवते. कारण कळेलच.

हौद एक आणि दोन रोज चार बोटं उतरतात. तिसरा एक बोट. ऊन तेच, वारा तोच. गळती म्हणावी तर बाहेरची जमीन कोरडी फुफाटा. मी स्वतः गुडघ्यांवर बसून चारही भिंती पाहिल्या. हौद भरायला मोटर दोन तास चालवावी लागते आहे. वस्तीच्या बाया कुरकुरल्या. रास्त आहे. आठवडाभर सांभाळून घ्या, अशी मी त्यांना विनंती केली. ही विनंती करायची वेळ माझ्यावर यावी याचा मला राग आहे.

सिंधूबाई म्हणाली, हात घातला की तळव्याला कुणी चाटून राहिलं असं वाटतं. कोकराच्या जिभेसारखं. तिला त्याची गंमत वाटली. किडे असतील, मी म्हटलं. मग मी हात घातला.

किडे असतील.

२९ मार्च, शनिवार

जिरं मेलं. दोन्ही हौदांतलं सगळं.

तळातून जाळी ओढली. विषबाधा झाली की मासे फुगतात, कुजतात, वास येतो. वास नव्हता. पिल्लं वाळलेली होती. भर पाण्यातून निघालेली, आणि बाजारात सुकट मिळते तशी कुरकुरीत. बोटांत धरली तर भुगा झाला. पाण्यात राहून वाळण्याची रीत मला एकतीस वर्षांत कुणी शिकवली नाही.

तिसऱ्या हौदातलं जिरं ठणठणीत आहे.

सिंधूबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भेगाळला आहे, उन्हाळ्यातल्या शेतासारखा. मी तिला व्हॅसलीन दिलं. माझाही तळवा तडतडतो.

३ एप्रिल, गुरुवार

सिंधूबाई सारखी पाणी पिते. आज माझ्यासमोर घागरीतले सात तांबे प्याली, आणि ओठ तसेच फुटलेले. हसायला लागली की ओठांतून रक्त येतं म्हणून हसत नाही. हौद ढवळायला जाऊ नको म्हटलं, तर म्हणाली, तिथंच बरं वाटून राहिलं बाई, दुसरीकडं कुठं न्हाई.

रखमाजींना बोलावून खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगायला लावलं. ते खुर्चीत बसले नाहीत. उंबऱ्याशी उकिडवे बसून सांगितलं.

त्यांच्या आज्याच्या काळची गोष्ट. दुष्काळाचं साल, सावळदरीची विहीर आटली आणि त्यातच गावात पटकी आली. रोग आपल्याकडे येईल म्हणून आजूबाजूच्या गावांनी आपल्या विहिरींवर काठ्या घेऊन माणसं बसवली. एका वैशाखात गाव संपलं. पटकीने थोडे गेले, बाकीचे तहानेने. शेवटचे वीस-पंचवीस जण दुपारच्या उन्हात सरपटत एका विहिरीपर्यंत आले होते. पाणी दिसत होतं. ओंजळी पुढे करून बसले. कुणी घातलं नाही.

कुठली विहीर, मी विचारलं.

ते व्यंकटरावांच्या दगडी विहिरीकडे बघत राहिले. व्यंकटरावांच्या आज्यानेच तिथे माणसं बसवली होती. "त्यायला पेलाभर पानी दावायचं बाई, येवढंच. तुमी हौद दावला. आता त्यायला कळलं, पानी हाय."

मला फार संताप आला. कुणावर, ते लिहिता येत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

हौद रिकामे करायला हवेत. हे मी पाच दिवसांपूर्वीच करायला हवं होतं. केलं नाही, कारण साहेबांचं उत्तर आलं. पहिल्यांदाच. आकडे पाठवा म्हणतात, मेच्या परिषदेत वाचू. वीस वर्षांनी आकडे मागितले. म्हणून मी हे पाच दिवस मोटर तीन तास चालवली, आणि आकडे पुरे होईपर्यंत आणखी चालवणार आहे. विहिरीत आता एक परस पाणी आहे.

हे मी स्वतःच्या अक्षरात, स्वच्छ लिहून ठेवते आहे. इथे दुसऱ्या कुणाला दोष देऊ नये.

१२ एप्रिल, शनिवार

भर दुपारी, बाराच्या सुमारास.

शैवाल उजेडाकडे जातं. हे शास्त्र आहे. आज ते उजेड सोडून सावलीच्या काठाला आलं, कारण मी तिथे तांब्या घेऊन उभी होते. मधलं पाणी काचेसारखं स्वच्छ झालं आणि काठाशी हिरवे पुंजके जमले. दोन-दोन, जवळ जवळ, खोलगट. मी मोजले. तेवीस जोड्या.

ओंजळी होत्या. पंगतीत बसल्यासारख्या.

मी तांब्या खाली ठेवला तर सगळ्या तिकडे वळल्या.

१६ एप्रिल, बुधवार

सिंधूबाई गेली.

दुपारी हौदाच्या कठड्याशी सापडली. शेजारी भरलेली घागर. अंग पाचटासारखं हलकं, रखमाजींनी एकट्याने उचललं. उन्हाचा झटका, असं औंढ्याच्या डॉक्टरांनी लिहिलं. मी त्यांना जिरं दाखवलं, डबीतलं, वाळलेलं. त्यांनी मला घोटभर पाणी प्यायला आणि सावलीत बसायला सांगितलं.

रखमाजी मेंढरं घेऊन दक्षिणेला निघाले. जाताना हौदापाशी थांबले आणि पेलाभर पाणी ओतलं. त्यांच्या सुनेसाठी.

मी तिला हात घालायला शिकवलं होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

बूच काढलं. दोन्ही हौद.

शेताचा उतार पश्चिमेला आहे. मी स्वतः पाणपातळीने तपासलेला. पाणी उतारावर दहा पावलं गेलं. मग वळलं. चढाला. पूर्वेला. विहिरीकडे. मी फावड्याने मातीचा बांध घातला, ते बांधाला वळसा घालून गेलं. घाई न करता. वाट माहीत असल्यासारखं.

विहिरीत पडल्याचा आवाज आला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

विहिरीत हातभर पाणी. हिरवं. आतल्या दगडी भिंतीवर दुपारी पुंजके दिसले, काठापासून खाली कमरेएवढ्या अंतरावर. काल त्याहून खाली होते.

वस्तीवर गेले. घरोघरी सांगितलं, ते पाणी पिऊ नका, विहिरीजवळ जाऊ नका. शालूबाईने, सिंधूबाईच्या शेजारणीने, विचारलं, मग लेकरायला काय पाजू, तुमचं खत?

व्यंकटरावांना सगळं सांगितलं, त्यांच्या आज्यासकट. ते हसले. म्हणाले, पद्मजाताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, माती ती माती. तहसीलमध्ये खटपट करून त्यांनी टँकर मंजूर करून आणला आहे. सोमवारी येतो. बारा हजार लिटर, विहिरीत सोडायचं आणि वस्तीने शेंदून घ्यायचं. सगळीकडे असंच करतात.

विहिरीत.

मी पाया पडते म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला. त्यांनी डॉक्टरांना निरोप धाडला.

२० एप्रिल, रविवार

माठ सकाळी भरला. दहा वाजता कोरडा. आतून पांढरी धूळ.

तोंडात थुंकी नाही. आवाज फुटत नाही, नुसती हवा निघते. शालूबाईच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिला वाटलं, पाणी मागायला आले. तिने दार लावलं. तिचं चुकलं नाही.

शाईची बाटली उघडली. फेब्रुवारीत फोडलेली. तळाशी बोटभर उरली आहे. आठवड्याला दोन पानं लिहिते मी. एवढी संपत नाही. बाटलीच्या काचेला आतून —

चाटल्याचे ओघळ आहेत.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारचे बारा. खिडकीतून विहीर दिसते. काठावर आले आहेत. ऊन आरपार जातं त्यांच्यातून, हिरवं. बसले आहेत. ओंजळी पुढे. तेवीस नाहीत आता. चोविसाव्या जोडीचा उजवा हात भेगाळलेला —

हॉर्न वाजला. टँकर. वस्ती धावते आहे. घागरी, कळश्या, लेकरं कडेवर. त्यांना काठावरचं दिसत नाही. मी दारात उभी राहिले. ओरडले. आवाज नाही. हात हलवले. शालूबाईने पाहिलं, दुसऱ्या बाईला काही सांगितलं, दोघी हसल्या.

मोठ्या अक्षरात लिहून नेते. अमरसिंगला वाचता येतं, तो पाइप धरून उभा आहे. त्याच्या हातात देते. पेन ओढत नाही. बाटली उपडी केली. एक थेंब —

अमरसिंग, पाणी विहिरीत सोडू नको. हौद तीनमध्ये सोड. तो कोरा आहे, त्यात माती नाही. लोकांना तिथून दे. विहिरीला फक्त एक पेला, एकच. सगळं पाजलंस तर ते उठून वस्तीत ये